किल्ला पाहिला, बंदर राहिले

नागपूरला समुद्र नाही. हे वाक्य आम्ही नागपूरकर तक्रारीच्या सुरात म्हणतो आणि मे महिन्यात तर रोजच म्हणतो. पारा पंचेचाळीसच्या घरात गेला, कूलरमधले पाणी दुपारपर्यंत आटले, शाळांना सुट्या लागल्या, की घराघरांत एकच चर्चा सुरू होते : यंदा समुद्रावर जायचे का? पूर्वेला पुरी, पश्चिमेला कोकण आणि गोवा. रेल्वे होतीच, आता रस्ताही झाला. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी. ७०१ किलोमीटरचा हा रस्ता भिवंडीजवळ आमणे येथे उतरतो. तिथून पुढे अलिबाग, मुरूड, दिवेआगर ही नावे दूरची वाटत नाहीत.

अशा सहलींचे स्वरूप आता ठरून गेले आहे. रिसॉर्टवर दोन रात्री, सकाळ-संध्याकाळ किनारा, मुलांसाठी उंटाची फेरी, दुपारी सुरमई किंवा पापलेटचे ताट. मग उरलेल्या वेळात 'जवळपासची ठिकाणे'. या यादीत एखादा किल्ला असतो, एखादे देऊळ असते, कधी एखादा दर्गाही असतो. दोन तासांत सगळे पाहून होते. यात वाईट काहीच नाही. वर्षभर उन्हात आणि कामात भाजून निघालेल्या माणसाने चार दिवस लाटांत पाय बुडवून बसावे, त्याला कुणी इतिहासाची छडी दाखवू नये.

आमचे म्हणणे यादीबद्दल आहे. त्या यादीत किल्ला असतो, बंदर नसते. किल्ल्याचा दगड टिकतो, म्हणून तो दिसतो. बंदर गाळाने भरते, गलबते जातात, वखारी कोसळतात, मग तिथे पाहण्यासारखे काही उरत नाही. परिणाम असा, की किनाऱ्याचा जो इतिहास पर्यटकाला भेटतो तो निव्वळ लढायांचा असतो. कोण कुणावर चालून गेला, कोण हरला, कुणाची तोफ किती लांब पल्ल्याची. त्याच किनाऱ्यावर शेकडो वर्षे जो व्यवहार चालला, जी माणसे आली, राहिली, शेजारी झाली, त्यांची गोष्ट कुणी सांगत नाही. मराठी मुसलमानांना या उणिवेची किंमत मोजावी लागते, कारण आमच्या इथल्या मुळांची सर्वांत जुनी गोष्ट किल्ल्यात नाही, ती बंदरात आहे.

इतिहास ही निवांत वेळी वाचायची गोष्ट राहिलेली नाही, हे नागपूरकरांना वेगळे सांगावे लागत नाही. १७ मार्च २०२५ रोजी, तीनशेहून अधिक वर्षांपूर्वी मेलेल्या एका बादशहाच्या कबरीवरून आमच्या शहरातल्या महाल भागात दंगल उसळली. अनेक वस्त्यांत संचारबंदी लागली, वाहने जळाली, माणसे जखमी झाली, एकाचा जीव गेला. कबर खुलताबादेत, आणि दुकाने बंद नागपुरात! अशा काळात 'तुम्ही कुठून आलात?' हा प्रश्न आमच्या मुलांना शाळेत, खेळाच्या मैदानात, आणि सहलीला गेल्यावर किल्ल्याच्या दरवाज्यातही ऐकावा लागतो. त्यांच्याजवळ उत्तर म्हणून जे असते ते पाठ्यपुस्तकातले : खैबरखिंड, घोडे, तलवारी. समुद्राचे उत्तर त्यांच्या हाती कुणी दिलेलेच नाही.

आधी आमच्या शहराबद्दल. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याने इस्लाम स्वीकारला होता. त्यानेच १७०२ मध्ये बारा लहान वस्त्या जोडून नागपूर वसवले. पुढे हे शहर रघूजी भोसल्यांकडे गेले, आणि नागपूरला समुद्र नाही हे वाक्य त्यानंतर अर्धे शतक खरे नव्हते! रघूजींच्या फौजांनी १७४० नंतर बंगालवर ज्या स्वाऱ्या केल्या, त्यांत त्यांचा एक प्रमुख साथीदार होता मीर हबीब. हा मूळचा शिराझचा. हुगळीला फेरीवाल्या व्यापाऱ्यापासून सुरुवात करून तो मोठ्या पदाला चढला आणि मराठ्यांना येऊन मिळाला. १७५१ मध्ये अलीवर्दीखानाशी तह झाला, सुवर्णरेखा नदी ही हद्द ठरली आणि ओडिशाचा कारभार मीर हबीबकडे आला. महसुलातली शिल्लक नागपूरकडे येऊ लागली. पुढच्याच वर्षी तो मारला गेला, तोही रघूजींचा मुलगा जानोजी याच्या माणसांकडून. तेव्हा या कथेला गोडगुलाबी रंग देण्याचे कारण नाही. पण १८०३ च्या देवगावच्या तहाने इंग्रजांनी कटक प्रांत घेईपर्यंत पुरीचा किनारा नागपूरच्या राज्यात होता. आज पुरीच्या वाळूत बसलेल्या नागपूरकर कुटुंबाला हे ठाऊक असते का? एका गोंड मुसलमान राजाने वसवलेल्या शहराचे मराठा राजे, शिराझच्या एका मुसलमानाच्या मदतीने जगन्नाथाच्या किनाऱ्यापर्यंत पोचले. हा आमच्या शहराचा इतिहास आहे. त्याचे दोन सरळ तट करू म्हटले तरी करता येत नाहीत.

आमच्या समाजापुरते बोलायचे तर समुद्राची आणखी एक आठवण आहे. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरपर्यंत आली आणि मुंबईचे बंदर आटोक्यात आले. तेव्हापासून पुढची जवळजवळ सव्वाशे वर्षे विदर्भातल्या मुसलमानाने आयुष्यात समुद्र पाहिला, तर तो बहुधा हजच्या निमित्ताने. मुंबईच्या मुसाफिरखान्यात मुक्काम, मग जहाज, मग जिद्दा. १८७७ पासूनच्या मोगल लाइनचे नाव जुन्या घरांत अजून निघते. पोचवायला गेलेली नातेवाईक मंडळी धक्क्यावरून पाण्याकडे पाहून रडत, आणि तेच त्यांचे समुद्रदर्शन. १९९५ मध्ये मुंबईहून जाणारी हजची जहाजे बंद झाली. पुढे नागपूरच्या विमानतळावरूनही हाजी निघू लागले. समुद्र आमच्या दुआंमधून गेला आणि सुटीच्या बेतात आला. तसे होण्यात गैर नाही. फक्त मधल्या काळाचा धागा सुटला. तो धरायचा तर किनारा उत्तरेकडून दक्षिणेकडे, सहलीच्याच क्रमाने पाहू.

पालघर जिल्ह्यातील चिंचणीचा किनारा मुंबईकरांच्या एका दिवसाच्या सहलीचे ठिकाण. सुरूची झाडे, लांबलचक वाळू, शहाळी. या चिंचणीत काही ताम्रपट सापडले. त्यांतला एक शके ८४८ चा, म्हणजे इ.स. ९२६ चा. राष्ट्रकूट सम्राट तिसरा इंद्र याच्या काळातला. त्यात संयान म्हणजे संजाण मंडलाच्या अधिकाऱ्याचे नाव येते : मधुमती, शहरियारचा मुलगा. संस्कृत लिहिणाऱ्याने 'मुहम्मद' या नावाचे मधुमती केले, आणि त्याची जात सांगितली ताजिक, म्हणजे अरब. दुसऱ्या कृष्णाने त्याला हे मंडल दिले होते. त्याने आसपासच्या बंदरांचे नायक जिंकून तिथे आपले अधिकारी नेमले, असे ताम्रपट सांगतो. पण ताम्रपट कोरला तो यासाठी नव्हे. तिथे एका ब्राह्मणाने देवीचा मठ बांधला होता, आणि त्या मठाच्या खर्चासाठी या मुहम्मदाने सम्राटाच्या संमतीने जमीन दान दिली. त्याचबरोबर नदीप्रवाह ओलांडण्यासाठी फुकट तर सुरू केली, आणि अन्नसत्र घातले, ज्यात भात, कालवण आणि तूप मिळे.

हे वाचताना आम्ही थबकतो. साल ९२६. महमूद गझनवीचा जन्म व्हायला अजून पंचेचाळीस वर्षे अवकाश आहे. ज्याला आज महाराष्ट्र म्हणतो त्या भूमीवर एक मुसलमान अधिकारी आहे, तो हिंदू सम्राटाचा सेवक आहे, देवीच्या मठाला जमीन देतो आहे आणि वाटसरूला तूपभात वाढतो आहे. हा तांब्यावर कोरलेला सरकारी कागद आहे. कुणी सद्भावनेच्या व्याख्यानासाठी रचलेली दंतकथा नव्हे.

तिथून खाली मुंबईत माहीम. समुद्राकाठचा मखदूम अली माहिमींचा दर्गा सर्वांना ठाऊक आहे. उरुसात पहिली चादर मुंबई पोलिसांची असते, ही गोष्टही वर्तमानपत्रांत येते. कमी सांगितली जाते ती गोष्ट वेगळी : १३७२ मध्ये जन्मलेला हा कोकणचा माणूस मोठा आलिम होता. त्यांनी अरबीत कुरआनचे भाष्य लिहिले, आणि हिंदुस्थानातल्या पहिल्या महत्त्वाच्या भाष्यकारांत त्यांची गणना होते. म्हणजे आमच्या किनाऱ्याने अरबस्तानातून जसे घेतले, तसे विद्येच्या रूपाने परतही दिले.

अलिबागच्या रिसॉर्टवर उतरलेला पर्यटक रेवदंड्याचा कोट पाहतो आणि चौल ओलांडून जातो. चौल हे आता नारळी-पोफळीच्या सावलीतले शांत गाव आहे. जुन्या मशिदीचे आणि हमामखान्याचे अवशेष झाडोऱ्यात उभे आहेत. अरब प्रवासी अल-मसूदी हिजरी ३०४ मध्ये, म्हणजे इ.स. ९१६-१७ च्या सुमारास, इथे आला. त्याने या बंदराला सैमूर म्हटले आहे. तो लिहितो की येथे सुमारे दहा हजार मुसलमान राहतात. सिराफ, ओमान, बसरा, बगदाद येथून आलेले, आणि 'बयासिरा', म्हणजे याच भूमीत जन्मलेले मुसलमान. त्यांच्या आपसातल्या बाबी पाहणारा एक प्रमुख असे, त्याला हुनरमन म्हणत; त्या वेळी ते पद अबू सईद मारूफ बिन झकरिया याच्याकडे होते. तो मुसलमानांतूनच असे, आणि हिंदू राजाच्या मान्यतेने काम पाहत असे. तर 'बयासिरा' हा शब्द ध्यानात ठेवावा. अकराशे वर्षांपूर्वीच 'बाहेरून आलेले' आणि 'इथे जन्मलेले' असा फरक चौलच्या बाजारात करावा लागत होता, इतकी इथे जन्मलेल्यांची संख्या भरली होती.

हे सहजीवन कशाने शक्य झाले? कुणी फार उदार होता म्हणून नव्हे. कारण वाऱ्यात आहे. मोसमी वाऱ्यांवर चालणारे जहाज एका हंगामात येई आणि परतीच्या वाऱ्यासाठी त्याला महिनोन्महिने थांबावे लागे. थांबणाऱ्याला घर लागे, नमाजला जागा लागे, उधारी देणारा सावकार लागे, तांडेल आणि हमाल लागत. राजाला जकात हवी होती आणि घोडे हवे होते. परस्परांच्या गरजेतून ओळख झाली, ओळखीतून सोयरीक झाली आणि कोकणी मुसलमान हा समाज घडत गेला. आजही त्यांच्या घरात मराठीची कोकणी बोली बोलली जाते. आम्ही नागपूरचे बहुतेक मुसलमान घरात उर्दू-हिंदी बोलणारे. आमच्यातले कित्येक विणकर तर १८५७ नंतर उत्तरेतून आलेल्यांचे वंशज. कोकणातल्या एखाद्या मुसलमान आजीने तांदळाची भाकरी वाढताना कोकणी हेल काढून 'जेव रे बाबा, लाजू नको' म्हटले, की आमची मुले चकित होऊन बघतात. मुसलमानाची मातृभाषा मराठी असू शकते, हे त्यांना नागपुरात क्वचितच ऐकायला मिळते.

आता जंजिरा. मुरूडच्या सहलीचा मुकुटमणी. राजपुरीहून शिडाच्या होडीत बसायचे, दरवाज्याशी उतरायचे, तोफा पाहायच्या. मुलांची खरी परीक्षा इथेच होते, कारण 'अजिंक्य' हा शब्द इथे दोन तोंडांनी ऐकू येतो. कुणी कौतुकाने म्हणतो, कुणी दात चावून. आम्हांला वाटते, की इथे आपण दोन्ही बाजूंनी खरे बोलले पाहिजे. सिद्दी हे आफ्रिकेतून आलेले हबशी. जंजिरा हे नावच मुळी अरबी 'जझीरा', म्हणजे बेट, यावरून पडले. ज्या माणसांना गुलाम म्हणून विकले जाई त्यांच्यातून सरदार आणि राज्यकर्ते उभे राहिले, ही जगाच्या इतिहासातली दुर्मिळ गोष्ट आहे. पण त्याच सिद्दींच्या आरमाराने किनाऱ्यावरची गावे लुटली, माणसे पळवली, हेही तितकेच खरे. ते मुसलमान होते म्हणून आम्ही त्यांची वकिली घेण्याचे कारण नाही.

तसेच हा झगडा धर्माचा होता, असेही मानण्याचे कारण नाही. सिद्दी कधी विजापूरकरांचे, तर १६७० नंतर मोगलांचे चाकर. त्याच्याशी लढणाऱ्या शिवाजी महाराजांच्या आरमाराचा एक प्रमुख दौलतखान. १६७९ मध्ये खांदेरी बेटावरून मराठे एकीकडे आणि इंग्रज व सिद्दी दुसरीकडे अशी लढाई झाली, तेव्हा मराठ्यांच्या बाजूने मायनाक भंडारी आणि दौलतखान ही नावे बरोबरीने येतात. महाराजांच्या घोडदळात सिद्दी हिलाल होता. पुढे सिद्दी मिस्री संभाजी महाराजांकडे आला. उलट याच सिद्दी याकूतखानाने १६८९-९० मध्ये मुंबईवर हल्ला करून इंग्रजांना किल्ल्यात कोंडले. तिथे कोण कुणाचा? जंजिऱ्याच्या समोर पाण्यात पद्मदुर्ग उभा आहे, आणि मुरूडपासून थोड्या अंतरावर खोकरीचे घुमट आहेत, सिद्दी सरदारांच्या कबरींचे. पर्यटक बहुधा जंजिरा पाहून परततो. पद्मदुर्ग दुरून आणि खोकरी जवळून पाहिल्याशिवाय जंजिऱ्याची गोष्ट पुरी होत नाही. १९४८ मध्ये हे संस्थान भारतात विलीन झाले. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ याच किनाऱ्यावर धडकले, तेव्हा नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. वादळाने कुणाची बाग कोणाची, हे पाहिले नाही.

आणखी खाली दापोली तालुक्यात केळशी. तिथल्या याकूबबाबांच्या दर्ग्याला शिवाजी महाराजांनी इनाम दिल्याची परंपरा आहे आणि आजही दोन्ही समाज ती अभिमानाने सांगतात. मग दाभोळ. बहामनी आणि आदिलशाहीचे हे मोठे बंदर. विजापूरच्या हाजींचा रस्ता इथूनच जाई. विजापूरची शाहजादी हजला निघाली, समुद्र खवळल्याने तिला थांबावे लागले, तेव्हा बरोबरच्या पैशांतून तिने खाडीकाठी मशीद बांधली, असे गावात सांगतात. मशीद सुंदर आहे, घुमट पाण्याकडे पाहत उभा आहे. पण १५०८ च्या डिसेंबरअखेर पोर्तुगीज आल्मेदाने या शहरात जी कत्तल केली, तिची खूण तिथे काहीच नाही. तीत मरणारे सर्व धर्मांचे दाभोळकर होते.

शेवटी गोवा; नागपूरकराच्या सहलीचे सर्वांत आवडते टोक. पणजीत मांडवीकाठी, तरंगत्या कॅसिनोंच्या समोर जी जुनी सचिवालयाची इमारत आहे, तो आदिलशहाचा राजवाडा. हे काहींना माहीत असते. त्याहून जुनी गोष्ट कदंबांची आहे. अकराव्या शतकातला कदंब राजा पहिला जयकेशी याच्या ताम्रपटात ती येते. त्याचा पूर्वज गुहल्लदेव समुद्रमार्गे सोमनाथाच्या यात्रेला निघाला असता वाटेत जहाजाची डोलकाठी मोडली. मदुमद, म्हणजे मुहम्मद, नावाच्या श्रीमंत अरब व्यापाऱ्याने राजाला मदत केली. पुढे या मदुमदाचा नातू छदम राज्यात मोठ्या पदाला पोचला, आणि त्याने बांधलेल्या 'मिजिगिती'च्या, म्हणजे मशिदीच्या, खर्चासाठी बंदरातल्या गलबतांवरचा कर लावून देण्यात आला. सोमनाथ म्हटले की आमच्या डोळ्यांपुढे एकच प्रसंग उभा केला जातो. त्याच सोमनाथाच्या यात्रेला निघालेल्या राजाला एका मुसलमानाने हात दिला, आणि त्याच्या वंशजाने मशीद बांधली तेव्हा राजाने बंदराचा कर दिला. दोन्ही प्रसंग इतिहासाचेच आहेत. पहिला नाकारू नये, दुसरा लपवू नये.

हा सगळा व्यवहार मराठी भाषेच्या अंगात भिनला आहे. बंदर, दर्यावर्दी, नाखवा हे फारसीतून आले. मोसम, सुकाणू, खलाशी, गुराब हे अरबीतून. मराठ्यांच्या आरमारातली गुराब जंजिऱ्यावर चालून गेली तेव्हाही तिचे नाव अरबीच होते. शब्दांना पासपोर्ट लागत नाही. जो शब्द कामाचा असतो तो राहतो आणि काही पिढ्यांनंतर तो कुठून आला हे विचारण्याची गरज पडत नाही.

आम्हांला यातून एखादे नवे अभिमानगीत रचायचे नाही. 'आम्ही तुमच्याआधी आलो' असे म्हणणे हे 'तुम्ही बाहेरचे' म्हणण्याइतकेच पोकळ आहे. चौलचे दहा हजार मुसलमान आमचे रक्ताचे पूर्वज आहेत की नाहीत, याने काही फरक पडत नाही. नागपूरच्या मोमीनपुऱ्यातल्या विणकराचे पूर्वज बहुधा गंगेकाठचे. फरक यामुळे पडतो, की या भूमीत मुसलमान असण्याचा एक जुना रिवाज आहे आणि तो जिंकण्या-हरण्याचा नाही. तो जकात भरण्याचा, वाऱ्याची वाट पाहण्याचा, शेजाऱ्याच्या मठाला जमीन देण्याचा आणि शेजाऱ्याकडून मशिदीसाठी कर घेण्याचा रिवाज आहे. हे आपल्या मुलांना आपणच सांगितले पाहिजे. किल्ल्यावरचा वाटाड्या ते सांगणार नाही. त्याच्याजवळ वीस मिनिटे असतात आणि गर्दीला तोफ पाहायची असते.

तेव्हा पुढच्या उन्हाळ्यात सहलीची यादी करताना एक ओळ वाढवावी. मुरूडला गेलात तर खोकरी, अलिबागला गेलात तर चौल, दापोलीला गेलात तर दाभोळ. आणि चिंचणीच्या वाळूत मुले किल्ला बांधत बसली, तर त्यांना ९२६ सालच्या त्या मुहम्मदाबद्दल सांगावे, ज्याने इथे ओढा ओलांडायला फुकट होडी ठेवली होती. त्या होडीत बसायला कुणाला पैसा पडत नसे.